राणीच्या पायात काय आहे

बेल्डन फोर्क, ओहायो
९ जून १९९६

प्रिय एमेट,

हे पत्र मी उभ्याने लिहिते आहे, स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून. बसलं की सुचत नाही. तुला फोन केला होता, तर तुझ्या तळावरच्या खानावळीतला माणूस म्हणाला, "एमेट? बूटवाला? तो घोड्यांकडे गेलाय," आणि ठेवून दिला. परत केला तर परत तेच. तू घोड्यांना बूट शिवायला लागलास का रे?

मुद्द्याचं आधी सांगते. मला आमच्या राजा-राणीच्या सोंगांच्या मेळ्यासाठी नवे जोडे हवेत, सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारच्या आत. तू केलेले लाल बूट अजून चकचकीत आहेत, पण टाच उंच आहे आणि आता चावतात. मऊ हवेत, सपाट हवेत आणि दिवसभर खडीवर चालता आलं पाहिजे. वय झालं, दुसरं काही नाही.

घाई का, तर आमच्याकडे नवा व्यवस्थापक आलाय. प्रेंटिस. गळ्यात शिट्टी, हातात सदानकदा ती वॉकीटॉकी, बोलायची डबी. वसंतातल्या बैठकीत मला म्हणाला, "मॅक्सीन, यंदा तुम्ही बसूनच राणी व्हा. मिरवणुकीत राजकन्या म्हणून केंड्रा चालेल." मैदानाच्या कडेला उंच मंच आणि त्यावर खुर्ची. उंच कशाला, तर आमचा तो जुना नियम, राणी बसली की कुणाचंही डोकं तिच्या डोक्याच्या वर राहता कामा नये. मंच उंच केला की कुणाला वाकायलाही नको! मी चिडले तेव्हा म्हणाला, ऑगस्टच्या सरावात पूर्ण फेरा चालून दाखवा, मग बघू.

एमेट, सोळा वर्षं मी त्या मेळ्याची राणी आहे. आठवडाभर हार्डवेअरच्या दुकानात लोक मला "बाई, वॉशर कुठे?" एवढंच विचारतात. मिरवणुकीत पोरं माझा झगा ओढून सांगतात की भावाने माझी तलवार मोडली, त्याला अंधारकोठडीत टाका. मंचावरच्या राणीकडे कोण येणार? लांबून फोटो काढतील आणि टर्कीची तंगडी चघळत पुढे जातील. मला दुकानाच्या काचेतली बाहुली व्हायचं नाही.

एक विचार आला होता. झगा जमिनीपर्यंत आहे. खाली सरळ खेळाचे बूट घातले तर? राणीचे पाय कोण बघतंय? लगेच कळव. लगेच म्हणजे लगेच.

तुझी
मॅक्सीन

---

मेळ्याचा तळ, कोलोरॅडो
१७ जून

महाराणी मॅक्सी,

राणीचे पाय कोण बघतंय म्हणतेस? जो वाकतो तो बघतो! आपल्या धंद्यात राजा, सरदार, भाल्याने झुंजणारा, सगळ्यांचे तोंडवळे लोक बघतात. एकटी राणीच अशी की तिच्यासमोर आल्याआल्या माणूस मान खाली घालतो, आणि मग त्याच्या नाकासमोर काय असतं? तुझे बूट. पोरांचं तर विचारूच नकोस, त्यांची नजर मुळातच त्या उंचीला असते. मागे एका मेळ्यातल्या राणीने झग्याखाली नर्सचे पांढरे बूट घातले. सरदार वाकला, हसला आणि दुसऱ्या दिवशी सगळा दरबार तिला "सिस्टर, इंजेक्शन!" म्हणत होता.

तेव्हा खेळाचे बूट विसर. मी करतो. पण लाल बुटांचा जुना साचा चालायचा नाही, बारा वर्षांत पाय बदलतात. नवा पाठव. जुने लांब मोजे घाल, त्यावर रुपेरी चिकट टेप घोट्याच्या वरपर्यंत घट्ट गुंडाळून घे, मग मागून उभी चीर देऊन सोलून काढ. हे उभं राहून करायचं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन आणि संध्याकाळी, पाय थकल्यावर. सकाळच्या पायावर केलेला जोडा दुपारी वैरी होतो. आणि दोन्ही पायांचा वेगळा साचा हवा. एकाच माणसाचे दोन पाय म्हणजे सख्खी भावंडं असतात, जुळी नव्हेत. तुझे तर नाहीतच. लहानपणी आमच्या गोठ्याच्या दारात तुझ्या डाव्या पायाची करंगळी चेंगरली होती, आठवतं? तू रडली नव्हतीस, दारालाच लाथ मारली होतीस.

प्रेंटिसला म्हणावं, राणीला बसवायला निघालेले पुष्कळ आले आणि गेले. इथे धूळ फार आहे. जेवण वाईट आणि गिऱ्हाईक त्याहून वाईट. एकाला "अगदी त्या काळचा" बूट हवाय, पण बाजूला झिप लावून!

एमेट

---

बेल्डन फोर्क
२५ जून

प्रिय एमेट,

साचे सोबतच्या खोक्यात आहेत. शेजारच्या ग्रेटाने टेप गुंडाळली, आणि बाई इतकी घट्ट गुंडाळते की मला वाटलं आता माझं पार्सल करून तुझ्याकडेच पाठवते. तू सांगितलंस तसंच केलं. उभ्याने केलं, संध्याकाळीच केलं. डावा, उजवा, दोन्ही.

बाकी विशेष काही नाही. रंग तपकिरी चालेल. कामाला लाग. जोडे कधी पाठवतोस ते उलट टपाली कळव. आमचा पोस्टमन मला बघून हल्ली रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

मॅक्सीन

---

कोलोरॅडो
१४ जुलै

मॅक्सी,

उशीर झाला, पण त्याचं कारण आता तुलाच विचारायचं आहे.

खोकं उघडलं. डावा साचा झकास. बोटं पसरलेली, करंगळी बाहेर वळलेली. ओळखीचा पाय आहे, नमस्कार केला. मग उजवा घेतला. तोही झकास! इतका की त्याचीही करंगळी बाहेर वळलेली. मी म्हटलं, गोठ्याला दोन दारं होती की काय?

मग चीर जरा फाकवून पाहिली. बाहेर टेप, मध्ये मोजा, आत परत टेप. सँडविच. म्हणजे बाईसाहेबांनी डाव्या पायाचे दोन साचे केले, एक मोज्यासारखा उलटा केला, मोजा बाहेर आला तो दिसू नये म्हणून वरून पुन्हा टेप गुंडाळली आणि हा घ्या उजवा! मॅक्सी, चाळीस वर्षं मी लोकांचे पाय बघतोय. सुटलेल्या पोटाचे लोक अठ्ठावीस इंच कंबर सांगतात ते मला ठाऊक आहे. पण स्वतःच्याच एका पायाची जागा दुसऱ्याने भरणारी तू पहिली.

उजव्या पायाला काय झालंय? चेष्टा बाजूला ठेवून विचारतोय. सांगितल्याशिवाय मी चामडं कापणार नाही.

एमेट

---

बेल्डन फोर्क
१९ जुलै

एमेट,

झालं समाधान?

फेब्रुवारीत घराच्या पायरीवर बर्फावरून घसरले. घोटा मोडला. हात धुवायला गेलं तरी दोन माणसं लागत. प्लास्टर निघून महिने झाले, पण दुपार झाली की पाय पावाच्या पिठासारखा फुगतो. डॉक्टर म्हणतात पुढच्या वर्षी बरा होईल, नाही झाला तर एवढाच राहील. म्हणजे काय, तर त्यांनाही माहीत नाही.

तुला सांगितलं नाही, कारण मेळ्यामेळ्यांत फिरणाऱ्या तुम्हा तंबूवाल्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. एका मेळ्यात शिंकलं तर दुसऱ्या मेळ्यात लोक औषध विचारतात. मला कळत होतं की तू कुणा भालेवाल्याला सांगणार, तो इथे येऊन प्रेंटिसला सांगणार, आणि प्रेंटिस सरावाचीसुद्धा वाट न बघता मंच ठोकायला घेणार. आणि खरं सांगू? सगळे दोष प्रेंटिसवर ढकलण्यात अर्थ नाही. तो पाय मला टेपमध्ये बघवला नाही. ग्रेटाने उजवा गुंडाळला होता, सोलून ओट्यावर ठेवला, तर तो कुणा दुसऱ्याच बाईचा वाटत होता. मी तो कचऱ्यात टाकला आणि डावाच पुन्हा पुढे केला. ग्रेटाने टेपची नवी गुंडाळी आणली.

खरा साचा आता पाठवते आहे. हसू नकोस. मला भीती वाटते, एमेट. दुखण्याची नाही. ती गर्दी माझ्याकडे बघून बाजूला सरकते, पोरं पुढे घुसतात, ते सगळं माझ्याशिवाय चालू राहील याची.

आता तरी काप ते चामडं.

मॅक्सीन

---

बेल्डन फोर्क
१८ ऑगस्ट

एमेट,

महिना झाला. ना जोडे, ना ओळ. तुझा तळ हलला, तू कॅन्ससला गेलास, हे मला आमच्या लोहाराकडून कळतं. म्हणजे लोहाराला सांगायला वेळ आहे. कुणा श्रीमंत गिऱ्हाइकाची मांडीपर्यंतचे बूट शिवत बसला असशील. झिप लावून!

मी काय काय केलं ते ऐक. दुकान बंद झालं की खिळ्यांच्या फळीपासून रंगाच्या फळीपर्यंत फेऱ्या मारते. मालक विचारतात, काय शोधता? मी म्हणते, वॉशर. मऊ कातडी मोकॅसिन जोडे आणले, तर खडीचा एकेक दाणा हाडापर्यंत कळला. सपातांच्या आत गादी घातली, तर पायच आत जाईना. शेवटी डॉक्टरांनी घालायला सांगितलेल्या खेळाच्या बुटांना दुकानातलाच लाकडाचा तपकिरी रंग फासला. दिसायला बरे दिसले. वाळल्यावर मात्र चालताना रंग तडकायला लागला. मी जाईन तिथे मागे तपकिरी पापुद्रे, आणि कुरकुर अशी की वाटावं राणी जुन्या पलंगावरून येते आहे.

काल सराव झाला. तेच घालून गेले, दुसरं होतं काय? अर्धा फेरा बरा गेला. पुलाजवळच्या चढावर पहारेकरी मला मुजरा करायला वाकले. तू म्हणाला होतास तसंच झालं. एकाने पांढरी नाडी पाहिली आणि ओठ दाबून धरले. मी हसून घेतलं. मग शेवटच्या वळणावर पाय टेकेना. लंगडले. प्रेंटिसने पाहिलं. वाईट बोलला असता तर बरं झालं असतं, पण तो फार गोड बोलला. "पहिल्या दिवशी बघू, मॅक्सीन. खुर्ची तयार ठेवतो." आज सुतार आलेत. हातोड्याचा आवाज तळावर सगळीकडे ऐकू येतो.

केंड्रा चांगली मुलगी आहे, हेच तर अवघड आहे. ती मला विचारायला आली, चालताना हात कसा हलवायचा. मी शिकवला.

जोडे करणार नसशील तर तसं सांग. तेवढं तरी सांग.

मॅक्सीन

---

मेळ्याचा तळ, कॅन्सस
२८ ऑगस्ट

मॅक्सी,

पत्रासोबत जोडे आहेत. आधी ते घाल, मग पुढचं वाच.

घातलेस? पुढून बदकाच्या चोचीसारखे रुंद दिसतात म्हणून नाक मुरडू नकोस. ज्या काळाचं आपण सोंग आणतो, त्या काळी बडी माणसं असेच जोडे घालत. टोकदार बुटांचं खूळ आपलं. वरच्या चिरा पाहिल्यास? त्याही तेव्हाच्याच. आत लाल कापड लावलंय. सकाळी चिरा मिटलेल्या असतील. पाय फुगेल तसतशा उघडतील आणि लाल दिसायला लागेल. लोकांना वाटेल राणीचा थाट आहे. तळाला बूच आणि लोकर आहे, खडी कळणार नाही.

आता टाके बघ. डावा सरळ आहे, उजव्याचे टाके नवशिक्याने धरलेल्या नांगराच्या तासासारखे गेलेत. डावा माझ्या हाताखालच्या टिल्डाने शिवलाय. गेली दोन वर्षं माझे सगळे बूट तीच शिवते. मी माप घेतो, कापतो, गप्पा मारतो आणि पाटीवर माझं नाव असतं. माझ्या हातात आरी ठरत नाही, मॅक्सी. सकाळी कॉफीचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. कुणाला सांगितलं नाही, कारण तंबूवाल्यांच्या तोंडात खरंच तीळ भिजत नाही.

तुझा खरा साचा आला आणि वाटलं, हा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. म्हणून उजवा मी शिवला. रोज थोडे टाके, हात थांबेल तेवढेच. चुकले की उसवायचे. म्हणून महिना गेला. पत्र लिहायला घ्यायचो, पण काय लिहिणार? हात कापतात म्हणून उशीर होतोय, असं बूटवाल्याने लिहायचं? लाज वाटली.

टाके वाकडे आहेत पण पक्के आहेत. दिसायला नको असेल तर झगा जरा लांब कर.

एमेट

---

बेल्डन फोर्क
९ सप्टेंबर

एमेट, गाढवा,

झगा मी दोन बोटं वर घेतला. वर! वाचलंस का?

आता सगळं सांगते, आणि मध्ये उठून फेऱ्या मारणार आहे, तेव्हा अक्षराची तक्रार नको.

शनिवारी सकाळी तोफ झाली, दार उघडलं. मंच तयार, खुर्चीवर जांभळी गादी, प्रेंटिस शेजारी उभा. मी त्याला म्हटलं, आधी चालते. तो म्हणाला, "मॅक्सीन, ऊन फार आहे." मी निघाले. तुझे जोडे! खडी आहे की गालिचा, कळेना. पुलाजवळ पहारेकरी वाकले. सरावातला तो ओठ दाबणारा वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग हळूच म्हणाला, "सरकार, हे कुणी शिवले?" मी म्हटलं, माझ्या मावसभावाने, स्वतःच्या हाताने. तो म्हणाला, "हाताचे टाके लगेच कळतात."

पण जोडे कितीही चांगले असले तरी आतला पाय माझाच ना. चढ संपला आणि चिरा उघडायला लागल्या. एका पोरीने आईला सांगितलं, "बघ, राणीचे बूट लाल होतायत!" अर्ध्या फेऱ्याला पुरते लाल झाले. घोट्यात असा सणका आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढे शेवटचं वळण, जिथे सरावात लंगडले तेच. समोर प्रेंटिस त्या डबीत बोलत होता. खुर्ची उचलून आणायला सांगत होता, मला शब्द कळत होते. आणखी चार पावलं टाकली असती तर लंगडले असते. थांबले असते तर खुर्ची आली असती.

मी खाली बसले. तिथेच, रस्त्याच्या कडेला गवतात, झगा पसरून, पाय पुढे लांब करून.

क्षणभर कुणालाच कळेना. मग त्या पहारेकऱ्याला नियम आठवला. त्याने भाला आपटला आणि ओरडला, "राणी बसली! डोकी खाली!" एमेट, काय सांगू तुला! गवतात मी आधीच इतकी खाली की दरबाराने गुडघे टेकून भागेना. सरदार पालथे पडले. केंड्रा पोटावर आडवी होऊन हसत होती. लोहाराचं पोट मोठं म्हणून तो कुशीवर झाला. आणि लोक! छोट्या चड्ड्या घातलेले, कॅमेरे गळ्यात अडकवलेले, हातात तंगड्या घेतलेले लोक, सगळे भराभर बसायला लागले, आडवे व्हायला लागले. वळणापासून पुलापर्यंत माणसं नुसती पसरली. मधोमध एकटा प्रेंटिस उभा. सगळ्यांनी मिळून त्याला "डोकं!" म्हणून आरडाओरडा केला. बसला बिचारा धुळीत, इस्त्रीच्या पँटीनिशी.

मग पोरं आली. बसलेल्या राणीपर्यंत त्यांचा हात पोचत होता ना! रांगत आली, पोटावर सरपटत आली. एकाने फिर्याद आणली की बहीण त्याला ड्रॅगन होऊ देत नाही. मी बहिणीला बोलावून न्याय केला. आणि ती लाल बूट पाहणारी पोरगी माझ्या पायाशी बसून तुझ्या टाक्यांवरून बोट फिरवत होती. म्हणाली, "हा रस्ता इकडे का वळला?" मी म्हटलं, तिथे बूटवाला दमला होता. तिने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. मला रडू आलं. उन्हाने आलं असं सगळ्यांना सांगितलं.

तेवढ्या वेळात पाय निवला. उठले, आणि उरलेला फेरा सरळ चालले. खुर्ची मंचावरच राहिली, तिच्यावर कुणाचं तरी कुत्रं बसलं होतं.

संध्याकाळी प्रेंटिस आला. पँटीला अजून माती. मी म्हटलं, बोला. तो गळ्यातल्या शिट्टीशी खेळत उभा राहिला आणि म्हणाला, "उद्याही त्याच वळणावर बसणार का? लोकांनी विचारलंय. त्यांना आधीच जागा धरायची आहे."

काल रविवारीही बसले. खुर्ची आता दारावर तिकिटं फाडणाऱ्या म्हाताऱ्याला दिली आहे.

आता तुझं सांग. हात कसे आहेत? खरं सांग, उलटा साचा पाठवू नकोस.

मॅक्सीन

---

कॅन्सस
१६ सप्टेंबर

मॅक्सी,

पत्र टिल्डाला वाचून दाखवलं, कारण तिने विचारलं की मी एकटाच काय हसतोय. पोरीच्या बोटापर्यंत आलो आणि पुढचं टिल्डानेच वाचलं.

हात तसेच आहेत. डॉक्टरांकडे गेलो, म्हणजे टिल्डाने नेलं. कंप थांबणार नाही म्हणतात, पण सावकाश वाढेल. पाटीवर आता दोघांची नावं आहेत. सरळ टाके तिचे, वाकडे माझे. आणि तुला गंमत वाटेल, काल एक गिऱ्हाईक वाकड्याच टाक्यांचा जोडा मागत होतं. तिकडून आलेला कुणी भालेवाला काही तरी बोललाय. आपल्या लोकांची तोंडं!

इथला मेळा ऑक्टोबरच्या मध्यावर संपतो. तुमचा अजून दर शनिवार-रविवारी चालू असेल. मी येतोय. तुझ्या उजव्या पायाचं माप या वेळी मीच घेणार, टेप न लावता, हाताने. थरथरला हात तर समजून घे, गुदगुल्या करत नाही म्हणून.

शेवटच्या शनिवारी त्या वळणावर गवतात जागा धरून बसलेला असेन. मी दिसलो की तू उठणार, मला ठाऊक आहे, तुझ्याने बसवत नाही. पण बूटवाल्याचं डोकं असंही जन्मभर गिऱ्हाइकाच्या गुडघ्याखालीच असतं. मला सवय आहे.

बसून राहा.

एमेट